तारेवरचा चांगला नग

दाणा आधी सुकव, नगमा.
नायलॉन हवेतलं पाणी गुपचूप पितं
आणि मग नगावर चांदीच्या रेघा ओढून
आपलीच चुगली करतं.
ऐंशी अंशांवर चार तास.
ट्रक सांवेर रोडला लागलाय,
मिक्सरचे कपलर आत्ताच्या आत्ता हवेत,
असा मालकाचा तिसरा फोन आला
तरी चारच.

साचा मिटताना ऐकायचा.
शेवटच्या दोन बोटांच्या अंतरात त्यानं हळू व्हावं,
झोपलेल्या पोराच्या खोलीचं दार लोटतात तसं.
आदळला तर समज, आत काहीतरी राहिलंय.
मागचा नग, नाहीतर तुझं लक्ष.

चिकटलेलं काढायला पितळेची पट्टी.
स्क्रूड्रायव्हर साच्याजवळ आणायचासुद्धा नाही.
पोलादावर एकदा उठलेला ओरखडा
पुढच्या लाख नगांवर उठतो,
लाख घरांत चटणी वाटताना गरगर फिरतो.

जाळीचं दार उघडं ठेवून
स्विचला चिंधी बांधली की
दर शॉटमागे दोन सेकंद वाचतात.
हे मला शिकवलं होतं.
तुला शिकवणार नाही.

माझे गुरू पागनीस, पोलोग्राउंडच्या शेडमधले.
शिकवायचे म्हणजे
डावा हात डायलवर झाकून उजव्यानं फिरवायचे.
तीन वर्षं मी त्यांची पाठ वाचली.
खांदा हलला की दाब,
कोपर हललं की वेग.
ते गेले तेव्हा घरी जाऊन विचारलं,
एखादी वही, चिठोरं, काही?
सून चहा ठेवत म्हणाली,
मामंजी कारखान्यात नेमकं करायचे काय हो?

म्हणून ही वही. लोंबकळतेय ती मशीनलाच बांधलेली,
तेलाच्या बोटांनी उघड, मला राग नाही.
एका वेळी एकच आकडा बदलायचा.
मग दहा शॉट थांबायचं.
थांबणं हेही काम आहे, त्याचा पगार मिळतो.
रात्रपाळीचा धनपाल तीन आकडे एकदम फिरवतो,
पहाटे नग सुधारतात
आणि कशानं सुधारले ते
धनपालला ठाऊक नसतं, मशीनलाही नसतं.

आणि ही तार. खिळ्यापासून खिडकीपर्यंत.
हा अर्धवट भरलेला: नोझल गार पडलं होतं.
याच्या कडेला पापुद्रा: साचा नीट दाबला नव्हता.
याच्या पाठीला खळगा: धीर नव्हता, दाब लवकर सोडला.
हा कोपऱ्यात जळलाय, अडकलेल्या हवेनं.
तो काळा मात्र माझा आहे, एकोणनव्वद सालचा,
त्याचं कारण पुन्हा कधी.

बाणगंगेहून सायकलनं येणारी नगमा मन्सूरी
ऐकून घेते, वहीत काही लिहीत नाही,
मला वाटलं, गेलं सगळं हवेत.

तिसऱ्या आठवड्यात तारेवर एक नवा नग.
ट्यूबलाइटखाली धरला, नखानं चाचपला,
काट्यावर ठेवला, वजन बरोबर.
भिंग आणलं.
चष्मा पुसून पुन्हा भिंग.
दहा मिनिटांनी हरलो, विचारलं, काय बिघडलंय याचं?

“कुछ नहीं, चाचा. ये अच्छावाला है.
नया आदमी आएगा तो
कैसे पहचानेगा?”

छत्तीस वर्षं. आणि तारेवर
एक धड नग टांगायचं सुचलं नाही मला.
मी फक्त एवढंच म्हणालो, गाठ पक्की बांध.

सोमवारी बघतो तर चांगला नग गायब.
वाईट सगळे जागच्या जागी.
धनपालच्या घरचा मिक्सर म्हणे
आता अजिबात आवाज करत नाही.

नगमानं दुसरा बांधला.
चार तास सुकवलेल्या दाण्याचा.